जंतू पथ्याला दाद देत नाही

‘तिखट-तेलकट सोडा, रोज ज्येष्ठमध घ्या, जठराची जुनी सूज मुळापासून जाईल’ हे जठराच्या सुजेवरच्या घरगुती उपायांच्या लेखातलं वाक्य खटकलं. मुळापासून म्हणजे नेमकी कुठून? अशा सुजेमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो पथ्यानं मरत नाही. अँटिबायोटिकं आणि आम्ल कमी करणारं औषध यांचा पूर्ण कोर्सच लागतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. एवढी गाजलेली गोष्ट, आणि लेखात तिला एक ओळही नाही!

दुसरं कारण वेदनाशामक गोळ्या. आमच्या सासूबाई कित्येक महिने अळणी, बिनतिखट जेवत होत्या, तरी जळजळ जैसे थे. शेवटी डॉक्टरांनी पर्स उघडायला लावली, तर आत गुडघ्यांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या अर्ध्या रिकाम्या स्ट्रिपा. ती गोळी थांबवल्यावर हळूहळू उतार पडला. थोडं थोडं, वेळेवर खाल्लं की त्रास कमी होतो हे मान्यच, पण त्रास कमी होणं म्हणजे सूज जाणं नव्हे. आणि लेखात म्हटलंय तसं ज्येष्ठमध ‘निरुपद्रवी’ कसं? जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. बीपीवाल्यांनी तर लांबच राहावं. जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी होते, फक्त आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.