उचिमुरा रिओतच संपत नाही

जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा याचं नाव निघालं की सगळे 2016 च्या रिओ ऑलिंपिकचं सांगतात. मीही ती ऑल-अराउंडची, म्हणजे सहाही साधनांच्या एकत्रित गुणांची, फायनल जागून पाहिली आहे. आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती, शेवटचं साधन उरलं होतं, हाय बार, म्हणजे उंचावरची आडवी दांडी. युक्रेनचा ओलेग व्हेर्नियाएव 0.901 गुणांनी पुढे होता. जिम्नॅस्टिकमध्ये एवढं अंतर एका साधनावर भरून निघत नाही. उचिमुरा बारवर चढला, एकेक पकड सोडत-धरत गेला आणि उतरला तो जागेवर खिळल्यासारखा. 15.800. व्हेर्नियाएवला 14.800. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फरक किती, तर 0.099! उतरताना पाय जरासा सरकला तरी 0.1 कापतात. म्हणजे एका छोट्याशा पावलाएवढंसुद्धा नाही. (त्याच आठवड्यात आपल्या दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं पदक 0.150 ने गेलं. तेव्हापासून मला या दशांशांची धास्तीच बसली आहे.)

नंतर पत्रकार परिषदेत कुणीतरी उचिमुराला विचारलं, पंच तुझ्यावर मेहेरबान असतात का? उत्तर देताना चिडला तो हरलेला व्हेर्नियाएव. असले प्रश्न निरर्थक आहेत, असं त्याने ठणकावलं. मला विचाराल तर उचिमुराची खरी लोकप्रियता ही. ज्याचं सोनं त्याने हिसकावलं, तोच त्याच्या बाजूने उभा राहिला.

2009 ते 2016 या काळात ऑल-अराउंडमध्ये त्याला जगात कुणी हरवलं नाही. 6 विश्वविजेतेपदं, 2 ऑलिंपिक सुवर्णं. ऑल-अराउंड म्हणजे फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हाय बार, सगळं एकाच माणसाने करायचं. रिंग्जला दणकट खांदे लागतात, पॉमेल हॉर्सला लय. म्हणून पुष्कळजण एकदोन साधनं पकडून त्यातच पदक मिळवतात, आणि त्यात काही गैर नाही. उचिमुरा मात्र सहा साधनं केली तरच जिम्नॅस्टिक, असं मानणारा. आईवडिलांनी नागासाकीतल्या इसाहायाला जिम चालवली, तिथे तिसऱ्या वर्षापासून तो उड्या मारत होता.

व्यक्तिगत सोन्यापेक्षा त्याला सांघिक सोनं जास्त हवं होतं. बीजिंगला रौप्य, लंडनला पुन्हा रौप्य. रिओत ते मिळालं, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. त्याच वर्षी तो जपानचा पहिला व्यावसायिक जिम्नॅस्ट झाला. लहान मुलांनी या खेळाकडे वळावं, ही त्यामागची तळमळ होती.

मग शरीर बोलायला लागलं. 2017 ला माँट्रियलमध्ये व्हॉल्टवरून उतरताना घोटा दुखावला आणि विजयांची साखळी तुटली. खांदे साथ देईनात. घरच्या ऑलिंपिकसाठी त्याने पाच साधनं सोडली, फक्त हाय बार ठेवला. ज्याने आयुष्यभर सहाचा हट्ट धरला त्याला एकावर यावं लागलं, आणि 2021 मध्ये टोकियोत पात्रता फेरीतच तो त्या बारवरून पडला. मी टीव्ही बंद केला होता, खरंच.

पण त्याच ऑलिंपिकमध्ये 19 वर्षांच्या दाइकी हाशिमोतोने ऑल-अराउंडचं सोनं घेतलं. पुढे पॅरिसला शिन्नोसुके ओकाने. लंडनपासून सलग चार ऑलिंपिक हे पदक जपानकडेच आहे. उचिमुरा बघत मोठी झालेली ही मुलं.

आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते 12 मार्च 2022 चं. टोकियोत निरोपाचा कार्यक्रम होता. वय 33, खांदे झिजलेले. हार घालून, भाषण ऐकून निघून जाता आलं असतं. एकट्या हाय बारवरही भागलं असतं. त्याने सहाही साधनं केली. पदक नाही, क्रमवारी नाही, कुणाला हरवायचं नाही.

कुणी मला हा माणूस कोण म्हणून विचारलं, तर मी रिओच्या आधी हे दाखवतो.