किट पिअरसन आणि ग्रंथालयातली वर्षं

कॅनडातल्या बालसाहित्यिका किट पिअरसन यांची ओळख करून देताना त्यांची ग्रंथपालाची नोकरी बहुतेक वेळा अर्ध्या ओळीत उरकली जाते. मला हे खटकतं. माझ्या मते त्यांच्यातली लेखिका त्या नोकरीतच घडली.

त्यांचा जन्म १९४७ चा, एडमंटनचा. बाराव्या वर्षी कॅनडाच्याच लेखिका एल. एम. मॉन्टगोमेरींची 'एमिली ऑफ न्यू मून' ही कादंबरी वाचली आणि लेखिका व्हायचं ठरवलं. पहिली कादंबरी 'द डेअरिंग गेम' आली थेट १९८६ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या तोंडावर. मधल्या काळात त्या ऑन्टारिओ आणि ब्रिटिश कोलंबियातल्या ग्रंथालयांत बालविभाग सांभाळत होत्या. बोस्टनच्या सिमन्स कॉलेजात जाऊन बालसाहित्याचा रीतसर अभ्यासही केला.

बालविभागातला ग्रंथपाल काय करतो? गोष्टी वाचून दाखवतो. 'आता पुढचं कुठलं वाचू?' म्हणून समोर उभ्या राहिलेल्या मुलाला नेमकं पुस्तक काढून देतो. आणि रोज पाहतो की कुठलं पुस्तक अर्ध्यावर परत आलं. मोठा वाचक भिडेखातर 'छान आहे' म्हणतो, दहा वर्षांचं मूल म्हणत नाही. लिहिणाऱ्याला याहून चांगली तालीम कुठे मिळणार?

कॅनडात या कामाला मोठी परंपराही आहे. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात लिलियन स्मिथ १९१२ मध्ये रुजू झाल्या आणि दहा वर्षांत तिथे फक्त मुलांसाठी वेगळी इमारत उभी राहिली. त्यांचं काम पाहून भारावलेल्या एडगर ऑस्बोर्न या इंग्रज ग्रंथपालाने आपला जुन्या बालपुस्तकांचा सुमारे दोन हजारांचा संग्रह १९४९ मध्ये टोरांटोला देऊन टाकला. मायदेशात न ठेवता समुद्रापार! मुलांचं वाचन तिथे इतक्या गांभीर्याने घेतलं जात होतं.

तेच गांभीर्य पिअरसन यांच्या युद्धकाळावरच्या तीन कादंबऱ्यांत दिसतं. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधली मुलं एका सरकारी योजनेखाली जहाजांनी कॅनडाला पाठवली गेली. सप्टेंबरात 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, त्यावरच्या योजनेतल्या नव्वद मुलांपैकी सत्त्याहत्तर दगावली आणि सरकारने ती योजनाच थांबवली. 'द स्काय इज फॉलिंग'मधली दहा वर्षांची नोरा आणि पाच वर्षांचा गॅव्हिन ही भावंडं १९४० च्याच उन्हाळ्यात टोरांटोत येतात. नोरा गोड मुलगी नाही. ती चिडलेली आहे, हट्टी आहे, धाकट्या भावाची हेळसांड करते, आणि लेखिका तिची बाजू कुठेही सावरून घेत नाही. तिसऱ्या पुस्तकात युद्ध संपतं तेव्हा गॅव्हिन दहा वर्षांचा झालेला असतो आणि त्याला परत जायचंच नसतं. मुलांना एवढं अवघड सत्य सांगायला त्यांच्यावर विश्वास लागतो. तो विश्वास मुलांमध्ये वर्षानुवर्षं वावरूनच येतो, असं मला मनापासून वाटतं.

पिअरसन यांच्याच 'अवेक अँड ड्रीमिंग' या कादंबरीला १९९७ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार हा कॅनडातला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. त्यातली थिओ गरिबीत, आईच्या दुर्लक्षात वाढणारी मुलगी. आधार फक्त पुस्तकांचा. अशी मुलं लेखिकेने ग्रंथालयात पाहिली असणारच. नॉर्थ व्हँकुव्हरच्या बालसाहित्यिका सारा एलिस याही ग्रंथपालच, आणि त्यांनाही 'पिक-अप स्टिक्स'साठी १९९१ मध्ये हाच पुरस्कार मिळाला. हा योगायोग मी मानत नाही.

घरात इंग्रजी वाचणारी दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर नोराच्या पुस्तकापासून सुरुवात करा. थिओचं त्यानंतर, आणि जमलं तर तुम्हीही सोबत वाचा.