नाक झाकावं तर डोळे जातात

स्कीइंगमध्ये पडायची भीती वाटते, असं लोक म्हणतात. मला पडण्याचं काही वाटत नाही; त्यात मी एव्हाना पारंगत आहे. माझं रडगाणं नाकाचं आहे. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा तोंडावर आला, की उघड्या कातडीला ती थंडी उणे २१ ची लागते. उतारावर हा वारा आपला आपणच तयार करतो, हे आणखी एक.

पहिल्या दिवशी जाड लोकरीची माकडटोपी चढवली. इंग्रज तिला बालाक्लाव्हा म्हणतात, क्रिमियन युद्धात १८५४ साली जिथे लढाई झाली त्या गावावरून. तिथल्या शिपायांना गॉगल लावायचा नव्हता, हे त्यांचं नशीब. माझा कोमट, ओला श्वास लोकरीत अडला, नाकाच्या कडेने वर चढला आणि थेट गॉगलात घुसला. दोन मिनिटांत जग दुधाळ. मी हातमोजाने काच आतून खसाखसा पुसली. शिकवणाऱ्याने कपाळावर हात मारला. धुकं न धरणारा लेप आतल्याच बाजूला असतो म्हणे. म्हणजे होता. शिवाय टोपी इतकी जाड, की हेल्मेट डोक्यावर नव्हे, टोपीवर बसलं होतं. मान वळवली की ते मागाहून सावकाश वळायचं.

दुसऱ्या दिवशी सुती रुमाल. सुताने श्वासातली सगळी ओल इमानदारीने पिऊन घेतली आणि गोठवली. दुपारी तो सोडून भिंतीला टेकवला, तर माझ्या हनुवटीचा आकार धरून उभा राहिला.

तिसरा, वारा अडवणारा मुखवटा. त्याने वारा अडवला, श्वासही अडवला. तोंडापाशी भोकं नसलेला मुखवटा कोणी आणि कोणासाठी शिवला असेल, याचा विचार मी धापा टाकत केला.

आता मेरिनो जातीच्या मेंढीच्या पातळ लोकरीची, गळ्यात घालून नाकापर्यंत ओढायची नळी आणली आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ही लोकर अंगाला ओली लागत नाही, आणि हेल्मेटखाली मावते. फक्त तिची कड गॉगलात खोचायची नाही, बाहेर ठेवायची. बाहेर ठेवली की ती घसरते. म्हणून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर नळी वर ओढून नाक वाचवायचं आणि उतारावर खाली ओढून डोळे, असा क्रम ठरवला आहे.

काल तो उलटा झाला. त्या झाडाची मी माफी मागितली आहे.