चार शिक्के पुरेत म्हणणाऱ्यांना

वायरिंगची कामं करणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कंड्युट (वायरी ज्यातून नेतात तो पाइप), ट्रे (केबली ठेवायची पन्हळ), ग्लँड (बॉक्समध्ये केबल शिरते तिथलं घट्ट बसणारं बूच), काहीही घ्या, सीई, आयएसओ ९००१, आयपी ६८ आणि व्ही-० हे चार शिक्के दिसले की माल सुरक्षित समजा. हॅलोजनमुक्त असेल तर आगीचीही काळजी नको. एक प्रमाणपत्र सगळ्या मापांना चालतं. आणखी कागद मागणारे नुसते वेळ काढतात.

वेळ काढणारा म्हणजे मीच. आलेला माल त्याच्या कागदांशी ताडून बघणं हे माझं निम्मं काम आहे, आणि हा मजकूर नाकासमोर धरून हुज्जत घालणारे मला भेटत असतात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘सीई म्हणजे युरोपात तपासून आलेला माल.’ नाही. माल युरोपीय नियमांप्रमाणे आहे, अशी उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेली घोषणा म्हणजे सीई. कमी व्होल्टेजच्या साधनांसाठी युरोपीय संघाचा २०१४ सालचा जो निर्देश आहे, त्यात त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्याची अटच नाही. उत्पादकाने चाचण्या कराव्यात, कागद जपावेत, सही करावी आणि शिक्का मारावा. प्रामाणिक माणूस हे सगळं करतो. अप्रामाणिक माणूस शेवटचं तेवढं करतो. म्हणून शिक्क्यावर न थांबता घोषणापत्र मागायचं. कोणत्या मानकाप्रमाणे तपासलं, तो क्रमांक त्यात असायला हवा.

‘आयएसओ ९००१ म्हणजे माल उत्तम.’ यावर फार शाई घालवत नाही. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं मानक आहे, पाइपाचं नव्हे. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात.

‘आयपी ६८ असलं की पाण्याचा प्रश्न मिटला.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आयईसी ६०५२९ या मानकात पहिला अंक धूळ आणि घन वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाने सांगायचं. खोली आणि वेळ न लिहिता नुसतं ‘आयपी ६८’ छापलं असेल, तर निम्मी माहिती गाळलेली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणून फवाऱ्याची पास झाली असं होत नाही. पाण्याचा, म्हणजे दुसरा, अंक ६ हवा असेल तर मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत मारतात. त्यात सीलवर येणारा ताण वेगळ्या जातीचा असतो. दोन्ही हवं असेल तर ‘आयपी ६६/६८’ असं दुहेरी लिहिलेलं बघावं. ऊन, तेल, रसायनं यांबद्दल तर हे अंक काहीच बोलत नाहीत.

आणि ग्लँडचं आयपी हे ग्लँड आणि केबल या जोडीचं असतं. मी एकदा एक जंक्शन बॉक्स उघडला तर तळाशी बोटभर पाणी. ग्लँड अस्सल, आयपी ६८, पकड ६ ते १२ मिलिमीटरची. त्यातून गेलेली केबल जेमतेम ५ मिलिमीटर, आणि ती ‘बसावी’ म्हणून तिच्यावर इन्सुलेशन टेपचे चार वेढे. त्या वेढ्यांमधून पाण्याने आपली वाट शोधली होती. यात प्रमाणपत्राचा काही दोष नव्हता.

‘व्ही-० म्हणजे न पेटणारं.’ यूएल ९४ या प्लास्टिकच्या जळण्याबद्दलच्या अमेरिकी मानकातली ही चाचणी बघण्यासारखी असते. १३ मिलिमीटर रुंदीची पट्टी उभी टांगतात आणि खाली कापूस ठेवतात. पट्टीच्या खालच्या टोकाला १० सेकंद ज्योत लावायची, काढायची, आग विझली की पुन्हा १० सेकंद. व्ही-० साठी दर वेळी १० सेकंदांच्या आत आग विझली पाहिजे आणि गळणाऱ्या थेंबांनी कापूस पेटता कामा नये. व्ही-२ ला ३० सेकंद मिळतात आणि कापूस पेटला तरी चालतो. म्हणजे पट्टी पेटतेच, प्रश्न विझण्याचा आहे. हा दर्जा कच्च्या मालाचा आहे आणि तोही ठरावीक जाडीला. ३ मिलिमीटरला व्ही-० मिळवलेलं प्लास्टिक ०.८ मिलिमीटरला व्ही-२ ठरू शकतं. तयार कंड्युटची आगीची चाचणी निराळी असते. तिच्यात न टिकणारा पाइप आयईसी ६१३८६ या कंड्युटच्या मानकाप्रमाणे नारिंगीच असावा लागतो, आणि तो रंग वरून फासलेला चालत नाही. हा नियम मला फार आवडतो. अंधुक उजेडातही वाचता येतो.

‘हॅलोजनमुक्त, म्हणून आगीपासून निर्धास्त.’ दोन वेगळ्या गोष्टींची ही खिचडी आहे. हॅलोजन, म्हणजे क्लोरीनच्या कुळातली मूलद्रव्यं, नसतील तर जळताना त्यांचे आम्लधर्मी वायू निघत नाहीत, एवढंच. साधं पॉलिथिलीन पूर्ण हॅलोजनमुक्त असतं आणि मेणबत्तीसारखं छान जळतं. उलट कडक पीव्हीसी सहजी आग पसरवत नाही, पण जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. माणसं अडकू शकतील अशा जागी दोन्ही प्रश्न स्वतंत्र विचारावे लागतात, शिवाय धुराचा तिसरा.

आता या मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ते. कंड्युटवर छापलेले चार अंक. पहिला दाबाचा: १ म्हणजे १२५ न्यूटन, २ म्हणजे ३२०, ३ म्हणजे ७५०, ४ म्हणजे १२५०, ५ म्हणजे ४०००. दाबाखाली पाइपाचा व्यास २५ टक्क्यांहून जास्त बदलता कामा नये आणि दाब काढल्यावर फरक १० टक्क्यांच्या आत यायला हवा. ७५० न्यूटन म्हणजे साधारण एका धडधाकट माणसाचं वजन. स्लॅब ओतताना पाइपावर पाय पडतोच, हे लक्षात घ्या. दुसरा अंक आघाताचा, तिसरा आणि चौथा किमान आणि कमाल तापमानाचा. आघाताची चाचणी पाइप त्या किमान तापमानापर्यंत गार करून घेतात, कारण प्लास्टिक थंडीतच तडकतं. चार शिक्क्यांपैकी एकही यातलं काही सांगत नाही.

‘एक प्रमाणपत्र सगळ्या मापांना चालतं.’ चालतं, जर ती मापं त्यात लिहिली असतील तर. मागे एका कामावर आलेल्या कागदावर मापं १६ ते २५ मिलिमीटर होती आणि वर्ग ३३२१. गाडीतून उतरलेला पाइप ४० मिलिमीटरचा, त्यावर छाप २२२१. पुरवठादार म्हणाला, ‘अहो साहेब, एकदोन आकड्यांनी काय होतंय?’ पहिल्याच आकड्यात ४३० न्यूटन गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब ओतायचा होता.