हौशी नोंदी म्हणजे विज्ञानाची फसवणूक? एका संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. सामान्य नागरिकांनी केलेल्या पक्ष्यांच्या आणि मगरींच्या नोंदींना विज्ञान म्हणणे ही फसवणूक आहे. पदवी नसलेल्यांच्या नोंदी चुकतात, त्या शहरांपुरत्याच राहतात, हे काम मुळात सरकारचे आहे आणि त्यासाठी स्वयंसेवकांना राबवून घेतले जाते, असे तो संदेश सांगतो.

थोर पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, एवढे सांगून पहिला मुद्दा मिटवता येईल. पण ते उत्तर सोयीचे आहे, कारण प्रत्येक हौशी निरीक्षक काही सलीम अली नसतो. चुका होतात, हे मान्यच आहे. म्हणूनच २००२ साली सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी देताना किती वेळ पाहिले आणि किती अंतर चालले, हे लिहावे लागते, ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवले की नाही, तेही सांगावे लागते, आणि त्या भागात वा ऋतूत न शोभणारी नोंद आली तर जाणकार परीक्षक छायाचित्र किंवा वर्णन मागतात. यादी पूर्ण असेल तर एखादा पक्षी तीत नसणे हीसुद्धा माहिती ठरते. दर शंभर याद्यांपैकी कितींमध्ये चिमणी आहे, हे मग वर्षानुवर्षे ताडून पाहता येते. ‘चिमण्या संपल्या’ हे आपण सर्वजण आठवणीच्या भरवशावर म्हणत होतो. अशा याद्यांवर आधारलेल्या २०२० च्या भारतव्यापी अहवालात मात्र चिमण्या २५ वर्षांहून अधिक काळ देशात एकंदर स्थिर असल्याचे आणि मोठ्या शहरांत घटल्याचे दिसले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निरीक्षक रविवारी, रस्त्याजवळ आणि हिवाळ्यात बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर जातो. छोटा उदेपूरच्या डोंगराळ रानात क्वचितच. याच मालिकेतल्या २०२३ च्या अहवालासाठी देशाचे २५ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून विश्लेषण केले गेले, ते याद्यांच्या ढिगाने एखाद्याच भागाचे पारडे जड होऊ नये म्हणून. परंतु जिथून एकही यादी येत नाही, तिथे गणिताचाही इलाज चालत नाही. त्यावर उपाय निरीक्षक वाढवण्याचा आहे, असलेल्यांना घरी बसवण्याचा नव्हे.

‘सरकारचे काम’ या मुद्द्यात फारसे तथ्य नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यात मगरी वस्तीत शिरल्या; त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीवर झालेल्या मगरींच्या गणनेत स्वयंसेवक होतेच. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर होते. वढवाणा २०२१ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. त्या मान्यतेच्या निकषांपैकी एक असा, की एखाद्या पाणपक्ष्याच्या एकूण संख्येचा किमान एक टक्का तिथे नियमितपणे यावा, आणि हा टक्का मोजल्यावाचून कळत नाही.

स्वयंसेवकांना राबवून घेतले जाते, ही संदेशातील तक्रार मात्र सरसकट झटकून टाकण्याजोगी नाही. गणनेचे भागवार आकडे मोजणाऱ्यांच्या हाती यावेत, ही मागणी रास्त आहे आणि ती गणना घेणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे करायला हवी.