एनसीसीच्या फायरिंगबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या ताईने भाचीचं नाव शाळेच्या एनसीसी फायरिंग टीममधून काढून घेतलं. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर फिरत आलेला एक मेसेज. शाळकरी मुलांच्या हातात रायफल देणं बेकायदा आहे, त्याने मुलं हिंसक होतात, डोळे-कान बिघडतात, मुलींचा खांदा निखळतो, शिवाय हा श्रीमंतांचा खेळ आणि आपल्या संस्कृतीत न बसणारा, असं त्यात ठासून लिहिलंय.

आधी कायदा, कारण ताई घाबरली ती पोलिसांच्या नावाने. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 उघडून वाचा. 1948 च्या कायद्याखाली उभारलेल्या राष्ट्रीय छात्र सेनेचा, म्हणजे एनसीसीचा, सदस्य कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र बाळगत असेल, तर त्याला हा कायदा लागू नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कॅम्पात फायरिंग करणारी मुलगी गुन्हा करत नाही आणि तिचे आईबापही नाहीत. हा मुद्दा इथेच संपला.

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारा मुद्दा: 'मुलं हिंसक होतात.' हे लिहिणाऱ्याने रेंज कधी पाहिलेली दिसत नाही. तिथे नळी कायम टार्गेटकडे, हुकूम येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. कुणी लाइनच्या पुढे पाऊल टाकलं की सगळ्यांचं फायरिंग बंद. झालं की बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं दाखवायचं आणि उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत करायच्या. ग्रुपिंगमध्ये पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या तेच बघतात. त्यासाठी श्वास अर्ध्यावर रोखून, ट्रिगर झटका न देता हळूहळू दाबावा लागतो. स्पर्धेतल्या दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि 75 मिनिटांत असे 60 शॉट मारायचे असतात. डोकं तापलेलं पोर तिथे टिकतच नाही. चौदा वर्षांच्या मुलीला शांत बसायला शिकवणारी गोष्ट आपण भीतीपोटी तिच्या हातून काढून घेतो आहोत.

डोळ्यांचं म्हणाल तर चांगले प्रशिक्षक दोन्ही डोळे उघडे ठेवायला लावतात. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावायला नियमांची परवानगी आहे आणि चष्मा घालूनही नेम धरता येतो. खांदा निखळणं तर निव्वळ थाप. एनसीसीत वापरतात त्या पॉइंट टू टू (.22) या लहान बोअरच्या रायफलचा धक्का अगदी किरकोळ असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत याच बोअरच्या रायफलने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या अंजली भागवत नेमबाजीकडे वळल्या त्याही एनसीसीतूनच.

कानांच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागेल. पॉइंट टू टूचा आवाज मोठ्या रायफलीइतका नसला तरी कानाजवळ वारंवार झाला तर इजा होऊ शकते, आणि कापसाचे बोळे पुरेसे नाहीत. इअरमफ मागा, नसतील तर भांडा. गोळी शिशाची असते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मेसेजमध्ये हे लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

संस्कृतीचा मुद्दा एका ओळीत: देशातल्या नेमबाजीची संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर.

राहिला खर्च. स्पर्धेची स्वतःची रायफल लाखांत जाते, हे खरं. पण एनसीसीत रायफल सरकारी, राऊंड म्हणजे गोळ्याही सरकारी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि 2024 मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक ब्राँझ घेऊन आला. ताई, टीमची यादी अजून पक्की झालेली नसेल तर उद्याच शाळेत जा आणि तिचं नाव परत घाल.