‘क्लच टाकला आणि महिन्यात इंजिन बसलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तो इंदूरची आणखी मंडळी वाचतील, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

तुमचं म्हणणं असं: आमच्याकडे नवीन क्लच प्लेट टाकली, महिन्याच्या आत नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) इंजिन गेलं, गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याच प्लेटचे तुकडे निघाले, म्हणजे आमचं काम कच्चं. वर आम्ही न विचारता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोललं, ‘तुमच्याकडून चुकीचा गिअर पडला’ म्हणून हात झटकले आणि एक लाख चाळीस हजारांचं इस्टिमेट दिलं. इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर असताना इंजिन जास्त फिरूच शकत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

लिमिटरपासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. लिमिटर पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, एवढंच त्याच्या हातात आहे. ॲक्सिलरेटर दाबून तुम्ही इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या, म्हणजे मीटरवरच्या लाल पट्टीच्या, पुढे नेऊ शकत नाही, हे खरं. पण गाडी वेगात असताना खालचा गिअर पडला आणि क्लच सुटला, तर इंजिन पेट्रोलवर फिरतच नाही, चाकं त्याला फिरवतात. लहान मुलाची तीनचाकी सायकल उतारावर सुटली की पॅडलच पायांना मारायला लागतात, तसं. तिथे पेट्रोल तोडून काय थांबणार?

आता तुमच्याच कॅमेऱ्यातला व्हिडिओ आठवा, जो तुम्ही स्वतः आम्हाला दाखवलात. टर्न तीननंतरची ती एक किलोमीटरहून लांब सरळ, शेवटी टर्न चारसाठी जोराचा ब्रेक. वेगाचा काटा दीडशेवरून उतरत एकशे तीसच्या आसपास आला आणि तुम्ही पाचव्यातून चौथा टाकायला गेलात. त्या वेगाला चौथ्यात इंजिन साधारण साडेचार हजार फेऱ्यांवर बसलं असतं, अगदी आरामात. तुमच्या गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर चौथ्याच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे दुसरा पडला की नऊ हजार. व्हिडिओत पुढचे टायर किंचाळल्याचा आवाज स्पष्ट येतो आणि गाडीचं तोंड क्षणभर हलतं. टायर घसरले म्हणून इंजिनाने पूर्ण नऊ हजार गाठले नसतील, पण लाल पट्टीच्या खूप पुढे ते गेलं, यात मला शंका नाही.

फिरण्याचा वेग दीडपटीच्या आत वाढला तरी पिस्टन आणि रॉडवरचा ओढा वर्गाच्या हिशेबाने वाढतो. साडेसहाचे नऊ हजार झाले की तो ओढा जवळपास दुप्पट होतो. व्हॉल्व्हची, म्हणजे सिलिंडरच्या झडपेची, स्प्रिंग कंपनीने लाल पट्टी आणि थोडी वरकड धरून दिलेली असते. त्यापुढे व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागे वेळेत मिटत नाही, उघडाच राहतो, आणि वर येणारा पिस्टन त्याला मारतो. तुमच्या दोन आणि तीन नंबरच्या पिस्टनवर चंद्रकोरीसारखे खुणांचे ठसे आहेत, ते याचेच.

क्लच प्लेटचं म्हणाल, तर ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते. दुसरा गिअर दातात बसला त्या क्षणी, तुमचा पाय पेडलवर दाबलेला असतानाही, प्लेट चाकांच्या हिशेबाने नऊ हजारांकडे खेचली गेली. इतक्या वेगाला प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि तुटतं. प्लेट मुळात सदोष असती किंवा आमचं फिटिंग वाकडं असतं, तर आधी क्लच घसरला असता, थरथरला असता, वास आला असता. तुम्ही ती गाडी इंदूरहून नोएडापर्यंत चालवत नेलीत आणि सकाळच्या सेशनमध्ये पळवलीत. वाटेत अशी एकही तक्रार नव्हती, हे तुम्हीच सांगितलं. शिवाय तुकड्यांवर जळाल्याचा काळपटपणा नाही, लायनिंग कोरडं फाटलेलं आहे.

व्हॉल्व्ह वाकण्याचं दुसरं कारण टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी) सरकणं. ते आम्ही आधी तपासलं, कारण तसं असतं तर गोष्टच वेगळी झाली असती. चेनच्या सगळ्या खुणा जागेवर होत्या, चेन ताणून ठेवणारा टेन्शनर धरून होता. ऑइलही पातळीवर होतं.

न विचारता खोलण्याबद्दल. गाडी टो होऊन आली तेव्हा तुमचे वडील सोबत होते. एक आणि चार नंबरच्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, ११ बारच्या (बार हे दाबाचं माप) वर मिळालं, दोन आणि तीनमध्ये काटा हललाच नाही. मग आम्ही दोन नंबरमध्ये हवा भरली आणि त्यांना सायलेन्सरच्या टोकाशी हात धरायला सांगितलं. बंद इंजिनाच्या सायलेन्सरमधून हवा हाताला लागत होती. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत नव्हता. तीन नंबरलाही तेच. त्यांनी जॉब कार्डवर सही केली, त्यानंतरच हेड खोललं. तुम्हाला ते माहीत नसेल, तर घरी एकदा विचारा. सहीची प्रत आमच्याकडे आहे.

क्लचच्या वेळच्या जॉब कार्डवर आणखी एक ओळ आहे: ‘इंजिन माउंट थकलंय, ट्रॅकवर नेण्याआधी बदलावं.’ माउंट म्हणजे इंजिनाला जागेवर धरणारा रबरी आधार. तुम्ही ते पुढच्या खेपेवर ढकललं होतं. थकलेल्या माउंटवर जोराच्या ब्रेकला इंजिन पुढे झुकतं आणि केबलवर चालणाऱ्या लिव्हरचा अंदाज थोडा चुकतो. सगळा दोष मी त्या माउंटवर टाकत नाही, पण त्याचा वाटा असू शकतो. तुमच्या हाताला एकट्याला मी बोल लावत नाही, तो याचमुळे.

इन्शुरन्ससाठी वेगळं कारण लिहून देणार नाही, हे मी तोंडावर सांगितलं होतं आणि इथेही सांगतो. मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ते. तुम्ही लिहिलंय की दुसरीकडे पंचेचाळीस हजारांत ‘फक्त हेडचं काम’ करून मिळतंय. कृपा करून थांबा. इंजिनाचा वरचा भाग दुरुस्त झाला की गाडी सुरू होईल, आवाजही चांगला येईल. पण ज्या झटक्याने व्हॉल्व्ह वाकले, त्याच झटक्याने पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले गेलेत. त्यांच्यावर सगळ्यात जास्त ओढ एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी येते, जेव्हा पिस्टनला वरून दाबून धरायला गॅसचा दाब नसतो. आम्ही ऑइल चेंबर उतरवून दोन नंबरच्या रॉडची कॅप खोलली. बेअरिंगची चकाकी उडालीय, आतला तांबूस थर दिसतोय, आणि बोल्ट नव्या बोल्टशेजारी मायक्रोमीटरवर मोजला तर लांब भरतो. हे बोल्ट एकदा ताणून बसवायचे असतात, परत वापरायचे नसतात. ते तसेच ठेवून गाडी चालवली, तर महिन्याने, सहा महिन्यांनी, उज्जैनच्या रस्त्यावर घरची मंडळी मागे बसलेली असताना रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. तेव्हा गरम ऑइल रस्त्यावर पडतं, आणि ते मागच्या टायरखाली आलं की स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही. आमच्या इस्टिमेटमधले बरेचसे पैसे याच खालच्या कामाचे आहेत: चार रॉडचे बोल्ट, बेअरिंग, क्रँकची तपासणी, रॉड सरळ आहेत की नाही ते पाहणं. पैसे जास्त आहेत हे मला कळतं. हे काम वगळून स्वस्त इस्टिमेट मीही देऊ शकतो, पण देणार नाही.

बायपासवर दीडशेने गेलो तेव्हा कधी काही झालं नाही, हे तुमचं वाक्यही वाचलं. बायपासवर असा वेग ठेवू नका, ही माझी विनंती आहे. पण तुमच्या मुद्द्याचं उत्तर असं, की एका गिअरमध्ये सरळ पळणं इंजिनाला जड नसतं. आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक त्यासाठीच आहे, गाड्या त्यावर वेग धरून फिरतात. सर्किटवर खरी परीक्षा ब्रेक आणि खालचा गिअर एकाच वेळी घेताना होते. पुन्हा ट्रॅकवर जाल, आणि जावंच, तर लिव्हर मुठीत आवळू नका. पाचव्यातून येताना उघड्या तळव्याने आधी न्यूट्रलला आणा. स्प्रिंग लिव्हरला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते, मग सरळ मागे ओढा. डावीकडे रेटलं की दुसरा मिळतो. ब्रेक आधी पुरता होऊ द्या, गिअर नंतर. आणि गिअर पडल्यावर शंका आली, तर क्लच सोडूच नका. प्लेट जाईल, इंजिन वाचेल.

तुमचे व्हॉल्व्ह, बेअरिंग, बोल्ट आणि प्लेटचे तुकडे चिठ्ठ्या लावून एका ट्रेमध्ये ठेवले आहेत. तुमच्या पसंतीचा कोणताही मेकॅनिक घेऊन या, त्याच्यासमोर परत मोजून दाखवतो. त्याच्याकडेच काम करायचं असेल तर खोलण्याची मजुरी मी लावणार नाही, ट्रेसकट गाडी टोवर चढवून देईन. फक्त त्याच्याकडून नव्या रॉड बोल्टचं बिल मागून घ्या. रविवार सोडून रोज सकाळी दहापासून मी गॅरेजवरच असतो.